वखारवाडीची पोटदुखी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि वखारवाडी आरोग्य मंडळाचेही अध्यक्ष व आधारस्तंभ आदरणीय पुंजाराम आण्णा, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे तरुण, तडफदार प्रकल्प व्यवस्थापक शाहनवाज सर, आजच्या सत्कारमूर्ती आणि मघाशी पांघरलेली शाल काढून, घडी घालून, पिशवीत ठेवून मोकळ्या झालेल्या सिस्टर झुंबरबाई गांगुर्डे, समोर बसलेल्या माता-भगिनी, ज्येष्ठ नागरिक आणि पंख्याखालची जागा मिळावी म्हणून तासभर आधी येऊन बसलेले माझे वखारवाडीकर बंधू, सर्वांना जय भीम, सलाम आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली नाही, घाईत राहून गेली असेल. मीच देतो. नाव कारभारी, आडनाव पगारे. या दोन्ही गोष्टींशी माझा प्रत्यक्षातला संबंध बेताचाच. मंडळाच्या या दवाखान्यात पंधरा वर्षं मी नोंदी करतो. बाई रजिस्टरात हाताने लिहितात, ते मी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरात भरतो. म्हणजे बाईंनी पेशंट बघायचा आणि मी पेशंटचं नाव बघायचं. मला दरवर्षी मार्च महिन्यात नव्याने कामावर घेतात, त्यामुळे पंधरा वर्षं होऊनही मी अजून नवाच आहे.

आता भाषणाचं म्हणाल, तर शाहनवाज सरांनी चार दिवसांपूर्वी मला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी ही इथे आहे. ‘काका, पाच मिनिटं बोला. विषय : सामाजिक दवाखान्यांचा तरुणांच्या आयुष्यावर होणारा परिणाम. आकडेवारीसह.’ आता पाच मिनिटांत आयुष्य, परिणाम आणि आकडेवारी असं तिन्ही बसवायचं म्हणजे माझ्यासारख्याची पंचाईत. पण विषय मोठा सुंदर आहे. विशेषतः आजच्या दिवशी. कारण येत्या एक तारखेपासून आपल्या दवाखान्याची मागची खोली, जिथे बाई दर बुधवारी चार ते सहा तरुण मुला-मुलींना भेटतात, ती बंद होते आहे. तिथे सत्कार दालन होणार आहे. मंडळाला मिळालेल्या ढाली, स्मृतिचिन्हं, फोटो वगैरे काचेच्या कपाटात लागतील. बाईंच्या जागी ज्या नव्या सिस्टर येतील त्या फक्त लसीकरण बघतील. निर्णय रीतसर झालाय, ठराव झालाय. आणि त्याचं कारणही अगदी शास्त्रशुद्ध आहे. ते कारण काय, ते सांगण्यासाठीच मी उभा आहे. थोडा वेळ जास्त लागेल, आण्णा, सांभाळून घ्या.

तर आकडेवारी. मी बाईंच्या रजिस्टरांतून सोळा वर्षांचे आकडे काढले. माझ्या आधीचं एक वर्षही त्यात आहे. बुधवारी आलेल्या मुला-मुलींच्या तक्रारींमध्ये पहिला क्रमांक कशाचा असेल? सांगा बरं. ताप? खोकला? नाही. पोटदुखी. दुसरा क्रमांक? पोटदुखी. तिसरा क्रमांक नाहीच. सोळा वर्षांत बुधवारच्या खोलीत जे जे पोरगं आलं, त्याचं पोट दुखत होतं.

तुम्ही हसताय. वरच्या लोकांना हसू आलं नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वी मंडळाच्या वार्षिक सभेत भिंतीवर आलेख दाखवला. मंडळाचे शहरात पाच दवाखाने. चार दवाखान्यांचे खांब एवढे एवढे, गुडघ्याएवढे. आणि वखारवाडीचा खांब छताला. लगेच समिती नेमली. समिती आली, जीपने आली. नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. घराघरांत जाऊन माठ बघितले. शाळेतल्या सगळ्या पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या, सहा महिन्यांनी पुन्हा दिल्या. जंतांचा यात काडीचा संबंध नव्हता हो, पण त्यांचं ऐकतो कोण! आणि आमचे शौकतभाई, ते काय तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांची पाणीपुरीची गाडी आठ दिवस बंद ठेवली. शौकतभाई, आज सगळ्यांसमोर सांगतो, तुमच्या पाण्यात काही नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं. मी गप्प बसलो. माफ करा.

(शौकतभाई म्हणताहेत, ‘आठ नाही, अकरा दिवस.’ बरं, अकरा.)

शेवटी समितीने अहवाल दिला की पाइपलाइन जुनी आहे. ती होतीच. मग वस्तीला नवी पाइपलाइन मिळाली, वर टाकी मिळाली. आज आपण जे स्वच्छ पाणी पितो ना, ते कुणाच्या मोर्चामुळे आलेलं नाही, निवेदनामुळे आलेलं नाही. ते बाईंच्या अक्षरामुळे आलंय. आणि पुढच्या वर्षी गंमत अशी झाली की, टाकी झाल्यावर पोटदुखी कमी होण्याऐवजी आणखी वाढली.

आता ही पोटदुखी होती तरी काय, ते सांगतो. बाई माझ्याकडे बघताहेत. बाईंनी मला परवानगी दिलेली नाही, हे मी आधीच कबूल करतो.

बाई नव्याने आल्या तेव्हा रजिस्टर दारातल्या टेबलावर असायचं, आणि टेबलाशेजारच्या बाकावर आक्काबाई असायच्या. बी.पी. तपासायला. रोज. अख्ख्या वस्तीत उलटं अक्षर वाचता येणारी एकच बाई, ती म्हणजे आमच्या आक्काबाई. आक्काबाई, हात वर करू नका, सगळे ओळखतात. एक दिवस दहावीतली एक मुलगी आली. बाईंनी विचारलं, ‘काय होतंय गं बाळ?’ मुलीने बाईंकडे बघितलं, आक्काबाईंकडे बघितलं आणि म्हणाली, ‘पोट दुखतंय.’ बाईंनी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे तेव्हा मोडकी कॉट आणि सलाइनचे स्टँड पडलेले असायचे. पाऊण तासाने दोघी बाहेर आल्या. पोरीचे डोळे सुजलेले. बाईंनी पेन उचललं आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं : पोटदुखी. आक्काबाई म्हणाल्या, ‘एवढा येळ? पोटदुखीला?’ बाई म्हणाल्या, ‘लय दुखत व्हतं.’

त्या दिवसापासून ठरलं. कुणी ठरवलं नाही, ठरत गेलं. शाळेत, क्लासमध्ये, कारखान्याच्या गेटवर पोरं एकमेकांना सांगायला लागली, बुधवारी जा, मागच्या खोलीच्या खिडकीशी पोट दुखतंय म्हण. पुढे काही विचारत नाहीत, आत घेतात. पाळी चुकली, पोटदुखी. बाप पिऊन येतो नि पट्ट्याने मारतो, पोटदुखी. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सुटली, घरी सांगायची हिंमत नाही, रोज डबा घेऊन निघतो नि बागेत बसून खाऊन परत येतो, पोटदुखी. कुणीतरी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय आणि धमक्या देतोय, पोटदुखी. बाईंनी कुणाला डॉक्टरकडे पाठवलं, कुणाला पोलिसांत स्वतः घेऊन गेल्या, कुणाच्या आईला बोलावून चहा पाजला. रजिस्टरात मात्र एकच शब्द.

यात ज्यांचं खरोखरच पोट दुखायचं त्यांचे फार हाल झाले. नवनाथ, तू आलायस ना? हा नवनाथ अपेंडिक्स घेऊन आला होता. बाईंनी त्याला आत बसवलं, दार लोटलं, पाणी दिलं आणि मायेने म्हणाल्या, ‘रडून घे. घरी काय झालंय का?’ पोरगं कळवळून रडतंय, आणि बाई म्हणतात, ‘मोकळा हो, मोकळा हो.’ दहा मिनिटांनी त्याने उजवी बाजू धरून बोट दाखवलं, तेव्हा बाई ओरडल्या, ‘अरे कारभारीभाऊ, रिक्षा आणा, याचं खरंच दुखतंय!’ ऑपरेशन वेळेत झालं. टाके दाखवू नकोस, नवनाथ, बस खाली.

परिणाम विचारलाय ना चिठ्ठीत? एक परिणाम सांगतो, तिला विचारूनच सांगतो. विमलाबाई द्राक्षांच्या पॅकिंगला जायच्या. त्यांची ज्योत्स्ना सोळा वर्षांची, आणि पेठकडचं एक स्थळ चालून आलेलं. मुलगी बुधवारी आली, पोटदुखी. बाईंनी विमलाबाईंना बोलावलं. म्हणाल्या, ‘लगीन करा की, पर पोरीच्या अंगात रगत पायजे. तपासू.’ तपासलं. ‘कमी हाय. तीन महिन्यांनी बघू.’ तीन महिन्यांनी? ‘अजून कमी हाय.’ असं अडीच वर्षं. बीट खाल्लं, खजूर खाल्ले, गूळ-शेंगदाणे खाल्ले, रक्त काही वाढेना. स्थळ कंटाळून गेलं. पोरगी तोवर बारावी झाली. मी तिचा रिपोर्ट भरताना बघितला, तर हिमोग्लोबिन बारा पूर्णांक चार. मी म्हटलं, ‘बाई, अहो हे तर उत्तम आहे. तुम्ही कमी सांगितलंत?’ बाई म्हणाल्या, ‘कमीच हाय की. माझं तेरा हाय.’

विमलाबाईंनी अडीच वर्षांत एकदाही विचारलं नाही, कशापेक्षा कमी. ज्योत्स्ना आज इगतपुरीच्या एस.टी.वर कंडक्टर आहे. लग्न केलं, स्वतःच्या पसंतीने केलं, पंचविसाव्या वर्षी. आता हा परिणाम मी आकडेवारीत कुठे दाखवू? सोळाव्या वर्षी न झालेल्या लग्नाला आमच्या कॉम्प्युटरात रकाना नाही. जे झालं नाही त्याची नोंद कशी करणार, सांगा.

आता एक नोंद सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. ही सांगायची की नाही, यावर घरी दोन दिवस चर्चा झाली.

बुधवारचं रजिस्टर मी गुरुवारी भरायचो. एका गुरुवारी चहा घेऊन बसलो होतो, चौदावी ओळ आली. अंजली कारभारी पगारे. वय सतरा. तक्रार : पोटदुखी.

तोवर मला या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक झाला होता. माझ्या मुलीचं पोट दुखत असतं तर ती मला म्हणाली असती ना, ‘पप्पा, ओवा द्या.’ ती बुधवारी क्लासला गेली होती. निदान मला तसं वाटत होतं. मी चहा तसाच ठेवून बाईंकडे गेलो. म्हटलं, ‘बाई, काय झालंय तिला?’ त्या म्हणाल्या, ‘पोट दुखतंय.’ म्हटलं, ‘बाई, मी बाप आहे तिचा.’ म्हणाल्या, ‘म्हनून तर नाय सांगत.’ मला असा संताप आला, तुम्हाला खरं सांगतो. मी टेबलावर हात आपटला. पंधरा वर्षांत तेवढाच एकदा. मी म्हटलं, ‘मी तुमच्या नोंदी करतो, आणि मलाच लपवता?’ बाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘नोंद करा ना. घरी जा, मार्कांचं काय इचारू नका. जेवली का, तेवढंच इचारा.’

मी नोंद केली. घरी गेलो, जेवलीस का विचारलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच ओळ. पुन्हा तोच शब्द. असे अकरा गुरुवार मी माझ्या मुलीच्या नावापुढे पोटदुखी टाइप केलं, आणि अकरा गुरुवार घरी जाऊन जेवलीस का विचारलं. माझी बायको म्हणायला लागली, ‘तुम्हाला झालंय काय? रोज तेच.’ मी काय सांगणार, मला काय माहीत होतं!

दोन वर्षांनी अंजलीने स्वतःहून सांगितलं. डॉक्टर व्हायचं म्हणून मी तिला मोठ्या क्लासमध्ये घातलं होतं. तिला ते जमत नव्हतं. प्रत्येक परीक्षेत खाली खाली जात होती आणि मी प्रत्येक परीक्षेनंतर विचारत होतो, किती पडले. त्या बुधवारी ती घरातून निघाली ती परत यायचं नाही असं ठरवून निघाली होती. वाटेत आपला दवाखाना लागतो. मला दिसू नये म्हणून ती मागून गेली आणि खिडकीशी उभी राहून म्हणाली, ‘पोट दुखतंय.’ मी त्या वेळी पुढच्या टेबलावर होतो. वीस पावलांवर. बाईंनी तिला आत घेतलं, त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, पुढे अकरा आठवडे सोडलं नाही. अंजली आज घोटीच्या शाळेत शिकवते. चित्रकला. मी काल तिला फोनवर विचारलं, हे सांगू का? म्हणाली, ‘सांगा पप्पा. फक्त माझे मार्क सांगू नका.’

एक मिनिट. पाणी पितो.

हां. तर मुद्दा. मंडळाने मागची खोली बंद करायचं का ठरवलं? कारण गेल्या संपूर्ण वर्षात बुधवारच्या खोलीत तरुणांच्या तक्रारी शून्य. शाहनवाज सरांनी तो आकडा पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या. ‘पोटदुखीमुक्त वखारवाडी’ म्हणून मंडळाला ढाल मिळाली. ती ढाल काय, इथे टेबलावर आहे, फुलांच्या मागे. तक्रार नाही म्हणजे गरज नाही, गरज नाही म्हणजे खोली मोकळी. यात सरांचं काही चुकलं नाही. समोर आला त्या आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला. माणूस आकड्यावर नाही तर कशावर विश्वास ठेवणार?

तो आकडा मी दिला.

गेल्या वर्षी कॉम्प्युटर जाऊन टॅब आला. टॅबवर आजारांची यादी येते, तिच्यातून एक निवडायचा. पोटदुखी निवडलं की टॅब विचारतो, शौच तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे? रिपोर्ट जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पहिल्याच बुधवारच्या नऊ नोंदी. आता प्रेमात पडलेल्या पोराकडे मी शौचाचा नमुना मागू? मी बाईंना विचारलं, काय करू? त्या खोलीत कुणाची तरी समजूत काढत होत्या, आतूनच म्हणाल्या, ‘तुमचं तुमी बघा ना भाऊ!’ मी यादी खालपर्यंत सरकवली. सगळ्यात शेवटी होतं : तक्रार नाही. ते निवडलं की पान उघडतं. एकदम सुरळीत. मी वर्षभर तेच निवडलं.

वर्षअखेरीला सरांनी मला विचारलं होतं, ‘काका, शून्य कसं काय झालं?’ तेव्हा सांगता आलं असतं. पण तो मार्च महिना होता. मी म्हटलं, ‘बाईंची कृपा.’ सर खूश झाले. ढाल आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि ठराव झाला त्या दिवशी सभेचा चहा मीच वाटला. ज्या खिडकीने माझी पोर मला परत दिली, ती खिडकी माझ्याच बोटाने बंद होते आहे. हे मला आतून खातंय. बाईंना मी हे परवा सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. एवढंच म्हणाल्या, ‘मंग आता काय करनार?’

मी कारकून माणूस. कारकून काय करतो? अर्ज करतो. तो आणलाय, वाचून दाखवतो.

‘प्रति, माननीय अध्यक्ष, वखारवाडी आरोग्य मंडळ. विषय : नोंदीत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, गतवर्षी बुधवारच्या खोलीतील तरुणांच्या तक्रारींची संख्या माझ्या हातून शून्य अशी भरली गेली. हस्तलिखित रजिस्टराप्रमाणे ती संख्या चारशे सदतीस आहे. तरी शून्य रद्द करून चारशे सदतीस वाचावे, आणि त्या शून्याच्या आधारे झालेल्या ठरावाचा फेरविचार व्हावा, ही विनंती. सोबत तारीखवार तक्ता जोडला आहे. नावे जोडलेली नाहीत, ती मिळणार नाहीत. आपला नम्र, कारभारी पगारे.’

सर, तुम्ही खुणावताय, वेळ झाली. झालंच.

बाई, तुमच्याबद्दल मी चांगलं बोलायचं होतं, ते राहिलंच. तुमच्या जागी खोलीत जो कुणी बसेल त्याला तुमच्याएवढं हिमोग्लोबिन मिळो, एवढंच म्हणतो. मंडप घालणाऱ्यांचे, माइकवाल्यांचे, नाश्त्याची व्यवस्था बघणाऱ्या बचत गटाच्या बायकांचे आभार. शौकतभाईंचे विशेष आभार. शाहनवाज सर, तुमच्या चिठ्ठीचे आभार, विषय तुम्हीच दिलात. एवढा वेळ ऐकून घेतलंत, तुम्हा सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात कुणी राहून गेलं असेल, तर आपला माणूस म्हणून पदरात घ्या.

नोंदीतली चूक मात्र पदरात घेऊ नका. तोंडी बोलणं आपल्या मंडळात कुणी धरत नाही, हे मी पंधरा वर्षं बघतोय, म्हणून अर्जाच्या दोन प्रती आणल्यात. एक तुम्हाला, एक मला. पोच म्हणून शिक्काही आणलाय, तो माझ्याच खणात असतो. आण्णा, सगळी वस्ती बघतेय. सही इथे, खाली उजवीकडे.